त्याची वही: घरातल्या दिव्यांग माणसाचा आराखडा त्याच्याच कलाने कसा करावा

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पाच दिवस दवाखान्यात होती आणि मी पंचवटीतल्या घरी, माझ्या भावाजवळ. पहिल्या दिवशी त्याने दुपारचं ताट सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी आईला फोन लावला तर ती सहज म्हणाली, "अगं, पोळीचे तुकडे करून दिलेस का? तुकडे केले की जेवत नाही तो. अख्खी लागते त्याला, आणि भाजी वाटीत." हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ३६ वर्षं ते फक्त आईच्या डोक्यात होतं.

माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. बोलतो तो मोजकंच, पंधरावीस शब्द, तेही ओळखीच्या माणसालाच कळतात. प्रमाणपत्रं, शाळेचे दाखले, बुद्ध्यंकाचे जुने रिपोर्ट अशी त्याची एक जाडजूड फाईल घरात होती. त्याला काय येत नाही हे तिच्यात पानोपानी होतं. तो पोळी कशी खातो हे एकाही पानावर नव्हतं.

'आमच्यामागे याचं काय?' हा प्रश्न ज्या घरात रोज रात्री उशाशी येऊन बसतो, त्या घरांसाठी हा लेख आहे. आपण बहुतेक जण त्याचं उत्तर पैशांत शोधतो. ठेव ठेवतो, फ्लॅट नावावर करतो, संस्थांची चौकशी करतो. ते करावंच. पण उद्या जो कोणी त्याच्याजवळ असेल, त्याला हा माणूस कळावा कसा, आणि त्याचे दिवस त्याला हवे तसे जावेत कसे, हे काम पैशांनी होत नाही. या कामाला व्यक्तिकेंद्री नियोजन असं भारदस्त नाव आहे. आमच्या घरी म्हणतात 'त्याची वही'. दोनशे पानी, लांब, साध्या दुकानातली. दोन वर्षं ती चालू आहे. ती कशी करायची आणि आम्ही कुठे कुठे आपटलो, ते सांगते.

एक आधीच सांगते. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या भावावरून लिहितेय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर रीत हीच राहते, बारकावे बदलतात. आणि तुमच्या घरातला माणूस दृष्टिहीन किंवा चाकाच्या खुर्चीवर असून स्वतःचं नीट सांगू शकत असेल, तर वही त्यानेच लिहावी, बैठक त्यानेच बोलवावी. आपण चहा करावा.

नेहमीच्या आराखड्यात काय चुकतं

नेहमीचा आराखडा उपलब्ध गोष्टींपासून सुरू होतो. सोमवारी फिजिओ, मंगळवारी स्पीच, रोज अकरा ते पाच कार्यशाळा, म्हणजे दिव्यांग प्रौढांना हातकाम देणारं केंद्र. माणूस त्या चौकटीत बसवायचा, आणि नाही बसला तर 'बिहेवियर इश्यू' म्हणून लिहायचं. व्यक्तिकेंद्री नियोजनात सुरुवात माणसापासून होते. याला काय आवडतं, कोण आवडतं, दिवस कसा गेला की हा खूश असतो, हे आधी. सेवा, संस्था, योजना नंतर.

कल्पना नवी नाही. १९८०च्या सुमारास टोरंटोमध्ये ज्युडिथ स्नो नावाची, चाकाच्या खुर्चीवर असलेली एक तरुणी संस्थेत राहून खंगत चालली होती. तिच्या मित्रमैत्रिणींनी एकत्र येऊन तिला तिच्या मनासारखं घर आणि मदतनीस मिळवून दिले. 'सोबत्यांचं वर्तुळ' ही पद्धत त्यातून पुढे जगभर गेली. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६चा, भारताने तो १ ऑक्टोबर २००७ला स्वीकारला, आणि त्याला धरून आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या तत्त्वांतच स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे. तेव्हा वही म्हणजे काही लाडाचा प्रकार नव्हे, कायद्याला धरूनच आहे.

आणि 'विशेष मुलं' हा शब्द. लहान मुलासाठी ठीक आहे. माझा भाऊ दाढी करतो, त्याचे कानापाशी केस पिकलेत, आणि अजून लोक त्याला 'मुलगा' म्हणतात. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याचं नाव लिहिलं आणि खाली 'वय ३६'. तेवढ्यानेच पुढचं बरंच लिखाण बदललं.

पायरी १: तीन आठवडे नुसतं बघा

घाई इथेच होते. पहिल्या दिवशी बैठक घ्यायची नाही, ध्येयं लिहायची नाहीत. तीन आठवडे फक्त नोंद. रोज चार रकाने: वेळ, काय चाललं होतं, जवळ कोण होतं, आणि त्याचं काय झालं. शेवटच्या रकान्यात 'चिडला' असं लिहू नका. 'दोन्ही हात कानावर ठेवले, बाथरूममध्ये गेला, नळ सोडला' असं लिहा. चिडला हा आपला निष्कर्ष असतो.

आठवड्याच्या शेवटी दोन पानं समोरासमोर घ्या. एकीकडे चांगला दिवस, एकीकडे वाईट दिवस. चांगल्या दिवसात सकाळपासून काय काय होतं? वाईट दिवस नेमका कुठे बिघडला?

आमच्या नोंदीत एक गोष्ट रोज येत होती. पहाटे साडेचारला तो उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. वर्षानुवर्षं आम्ही याला 'झोपेचा त्रास' म्हणत होतो. झोपेच्या गोळ्यांपर्यंत विषय गेला होता. नोंदी ठेवायला लागल्यावर मी एकदा त्याच्याबरोबर उठले. खाली चौकात बंद दुकानाच्या ओट्यावर पेपरवाले बसले होते. टेम्पोतून गठ्ठे उतरत होते, चार माणसं मांडी घालून अंकांत पुरवण्या भरत होती. माझा भाऊ गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकवून बघत होता आणि त्याचे हात हलत होते. उचल, उघड, घाल, मीट. उचल, उघड, घाल, मीट.

वागण्यात अचानक बदल दिसला तर मात्र त्याचा अर्थ लावण्याआधी डॉक्टर. दात, कान, बद्धकोष्ठ, पित्त. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं वागण्यातूनच बाहेर येतं. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बराच आढळतो, त्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं हेही बघावं. आम्ही हे सगळं करून घेतलं. सगळं ठीक निघालं. त्याला फक्त पेपरवाले बघायचे होते.

पायरी २: तो 'हो' कसं म्हणतो, 'नको' कसं म्हणतो

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. त्याला विचारायचं असं ठरवलं तरी विचारण्याची रीत चुकली तर उत्तर आपल्याच मनातलं येतं.

आधी त्याच्या भाषेचा तक्ता करा. तीन भाग: तो काय करतो, आम्हाला त्याचा काय अर्थ वाटतो, मग आम्ही काय करायचं. आमच्या वहीतल्या दोन ओळी अशा:

चप्पल हातात घेऊन दाराशी बसतो. अर्थ: बाहेर जायचंय, पण कुठे ते ठरलेलं आहे. करायचं: 'दाखव' म्हणून त्याच्या मागे चालायचं, आपण पुढे चालायचं नाही.

'झालं झालं' म्हणतो. अर्थ: काम झालं असं नाही, 'तुम्ही गप्प बसा' असा आहे. करायचं: गप्प बसायचं.

दुसरी ओळ आईला ठाऊक होती, मला नव्हती. 'झालं झालं' ऐकून मी त्याला 'शाब्बास' म्हणायचे. म्हणून हा तक्ता एकट्याने भरू नका. आई, शिक्षिका, शेजारच्या काकू, रिक्षावाले, प्रत्येकाकडून एकेक ओळ मिळते.

आता विचारणं. बौद्धिक अक्षमता असलेली बरीच माणसं 'हो ना?' या प्रश्नाला हो म्हणून मोकळी होतात, कारण आयुष्यभर 'हो' म्हटल्यावरच समोरचा खूश झालेला त्यांनी पाहिलेला असतो. 'चहा की दूध?' विचारलं तर शेवटचा शब्द परत म्हणतात. तेव्हा शब्दांनी विचारू नका, वस्तू किंवा फोटो समोर ठेवा. दोन फोटो ठेवा, थांबा, मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात, आपल्याला मध्येच बोलायची हुक्की येते. ती आवरा. मग फोटोंच्या जागा बदलून परत विचारा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने विचारा. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते त्याचं उत्तर.

फोटो खरे हवेत. मोबाइलवर त्याच्याच जागांचे काढा आणि स्टुडिओतून छापून आणा. इंटरनेटवरच्या बागेचं चित्र त्याच्या उपयोगाचं नाही. घाटावरची त्याची बसायची पायरी, निमाणीचा बसथांबा, मामाचं घर असे फोटो हवेत.

त्याने कधी न पाहिलेली गोष्ट तो निवडू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. नवी जागा असेल तर आधी दोनचारदा नेऊन आणा, आवडनिवड नंतर विचारा.

पायरी ३: एक पान

फाईल कोणी वाचत नाही. नवीन मदतनीस, दवाखान्यातली नर्स, मुंबईहून आलेली आत्या, यांच्यासाठी एकच पान करा, एका बाजूला मावेल एवढं. वर त्याला आवडणारा फोटो. प्रमाणपत्रावरचा घाबरलेला फोटो नको. खाली तीन भाग.

पहिला: लोकांना हा का आवडतो. इथे 'गोड आहे', 'निरागस आहे' लिहिलं तर खोडा. आमच्याकडे लिहिलंय, 'कोणाचा वाढदिवस कधी विसरत नाही. घरात कोणी आजारी असलं की त्याच्या पायाशी जाऊन बसतो.'

दुसरा: त्याला काय महत्त्वाचं आहे. अख्खी पोळी. रविवारी मिसळ, आणि पाव आधी रश्श्यात बुडवून झाल्यावरच मटकी. खिडकीजवळची सीट. वडिलांचं घड्याळ, बंद पडलेलं, डाव्या हातात.

तिसरा: त्याला मदत कशी करायची. एका वेळी एकच सूचना. मागून हात लावू नये. गर्दीत हात धरू नका, तुमचा हात पुढे करा, तो धरेल.

दुसरा आणि तिसरा भाग वेगळा ठेवणं फार गरजेचं आहे. 'त्याला हवंय' आणि 'त्याच्यासाठी गरजेचंय' यांची सरमिसळ आपण सारखी करतो. गोड कमी खाणं हे त्याच्यासाठी गरजेचं आहे, ते त्याला हवं असलेलं नाही. नुसतं गरजेचं तेवढंच लिहिलं की आयुष्याचा दवाखाना होतो, नुसतं हवं ते लिहिलं की शुगर वाढते. दोन्ही लिहा आणि मधला रस्ता काढा. आमचा असा निघाला: गोड रविवारी, मिसळीनंतर एक जिलेबी, आणि ती कोणती घ्यायची ते तो दाखवणार.

पानाच्या मागे आणीबाणीचं: रक्तगट, औषधं, ॲलर्जी, दोन फोन नंबर, तो कोणत्या हाकेला वळून बघतो. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडाच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा लोकांना याची गरज वेगळी सांगायला नको. याच मजकुराचं लॅमिनेट केलेलं छोटं कार्ड त्याच्या खिशात असतं.

पायरी ४: माणसं मोजा

एका कागदावर एकात एक चार वर्तुळं काढा. अगदी मधल्यात ज्यांच्याशिवाय त्याचं चालत नाही ते. दुसऱ्यात मित्र. तिसऱ्यात जाता-येता ओळख देणारे. सगळ्यात बाहेर पैसे घेऊन काम करणारे: शिक्षक, डॉक्टर, रिक्षावाले, बाई.

आमचा कागद बघून आई बराच वेळ काही बोलली नाही. मध्ये आम्ही दोघी आणि मामा. बाहेरच्या वर्तुळात नऊ माणसं. मित्रांचं वर्तुळ कोरं.

बहुतेक घरांत असंच दिसेल. त्यावर उपाय म्हणून 'मित्र शोधा' असं ठरवून मित्र मिळत नाहीत. तिसऱ्या वर्तुळाकडे बघा. गल्लीत त्याला नावाने हाक मारणारं कोण आहे? दूध केंद्रावरचे काका, कोपऱ्यावरचे टेलर, देवळातल्या काकडआरतीच्या बायका. यांच्यापैकी एखादा माणूस वेळ आणि काम मिळालं की आत सरकतो. काम म्हणजे खरोखरचं काम. 'याच्याशी जरा बोलत जा' म्हटलं की लोक अवघडतात, 'याला शनिवारी दूध आणायला बरोबर नेता का?' म्हटलं की तयार होतात.

पायरी ५: बैठक

आमची पहिली बैठक पार फसली. हौसेने अकरा जणांना बोलावलं, कांदेपोहे केले. मावशी बसल्याबसल्या म्हणाली, "त्याला काय कळतंय, आपणच ठरवू." मग संस्था कोणती बरी यावर तीन जण एकदम बोलायला लागले. माझा भाऊ उठला, बाथरूममध्ये गेला आणि पाहुणे जाईपर्यंत नळ सोडून बसला.

दुसऱ्या वेळी चौघंच: तो, आई, मामा, मी. जागा गॅलरी, कारण ती त्याची जागा आहे. वेळ सकाळची, पोट भरलेलं असताना, पाऊण तास. कोणाला बोलवायचं ते फोटोंतून त्यानेच निवडलं होतं. मावशीचा फोटो त्याने उलटा ठेवला. मी तो परत सुलटा केला नाही.

सतरंजीवर तीन स्टीलची ताटं मांडली. एक 'हवं', एक 'नको', एक 'माहीत नाही'. बारा फोटो त्याच्या हातात. बोलायचं कोणी नाही, फक्त 'हे?' एवढंच. कार्यशाळेतल्या मेणबत्त्यांचा फोटो त्याने 'नको'त टाकला. जागा बदलून, दुसऱ्या दिवशी, मामाने विचारून, तरीही 'नको'त. चौकातल्या पेपरवाल्यांचा 'हवं'त. मग तो उठून आत गेला आणि जुन्या अल्बममधून एक फोटो काढून घेऊन आला, जो आम्ही ठेवलेलाच नव्हता. रंगपंचमीचा. वडील तिवंधा चौकातल्या रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदातून, निथळत बाहेर आलेत, हसतायत. तोही त्याने 'हवं'त ठेवला.

मेणबत्त्यांचं 'नको' आईला लागलं. ते सहा तास तिचे होते. त्या वेळात ती बाजार करायची, गुडघा शेकायची, जरा आडवी व्हायची. हे लपवून चालत नाही. नाशिकमध्ये १९७७ साली रजनी लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली तेव्हापासून शाळा आणि कार्यशाळांनी इथल्या किती आयांचे दिवस सावरलेत, ते त्या आयाच जाणतात. म्हणून सांभाळणाऱ्याचं पान वेगळं करा. आईला काय हवंय, काय झेपत नाही, ते त्या पानावर लिहा. त्याच्या पानावर आईची गरज त्याची इच्छा म्हणून लिहू नका, एवढंच. आमचा तोडगा निघाला तो असा: कार्यशाळा आठवड्यातून तीन दिवस, तिथे मेणबत्त्यांऐवजी बांधणीचं काम मागायचं, उरलेल्यातले दोन दिवस दुपारी मी येणार.

बैठकीतून तीनच गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत: काय करायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. 'त्याला स्वावलंबी बनवणे' असलं वाक्य आलं तर खोडून टाका. 'सोमवारी मामा पेपरवाल्याशी बोलणार' हे चालेल.

पायरी ६: पहिलं पाऊल आणि त्यातली भीती

पेपरवाले आधी कचरले. मग म्हणाले, "बसू दे, बघू." भीती आमच्याही पोटात होती: अंधार, कुत्री, दुधाच्या गाड्या. अशा वेळी चार प्रश्न लिहून काढा. काय बिघडू शकतं? बिघडलं तर कितपत? कशाने कमी होईल? आणि हे केलंच नाही तर तो काय गमावेल? पहिले तीन सगळे विचारतात. चौथा राहतो, म्हणून पारडं नेहमी एकीकडे झुकतं.

आम्ही असं केलं. पहिला आठवडा मी त्याच्या बाजूने चालले. दुसऱ्या आठवड्यात दहा पावलं मागून. तिसऱ्यापासून गॅलरीतून बघत. चमकणारं जॅकेट, खिशात कार्ड, रस्ता ओलांडायची एकच ठरलेली जागा. पहिल्याच आठवड्यात त्याने एका गठ्ठ्यात पुरवणी दोनदोन घातली आणि शेवटी वीस अंक कोरे राहिले. पेपरवाल्यांनी मग त्याच्यासमोर पुरवण्यांचा एकच ढीग ठेवायला सुरुवात केली, अंकांएवढाच मोजून. ढीग संपला की काम संपलं. हा बदल त्यांनीच शोधला. मला सुचला नसता.

पैशाचं स्पष्ट बोला. पहिल्या शनिवारी त्याच्या हातात क्रीम बिस्किटांचा पुडा आला. मी खाली जाऊन म्हटलं, "दादा, कमी द्या, पण पैसे द्या." आता आठवड्याला दीडशे रुपये येतात. ते त्याच्या डब्यात जातात आणि मिसळीला तिथूनच निघतात. पेपरवाले त्याला 'शेठ' म्हणतात. त्या कोऱ्या वर्तुळात पहिलं नाव त्यांचं लिहिलं.

रहाडीचं अवघड होतं. आमच्याकडे रहाडीत धप्पा मारतात, म्हणजे कठड्यावरून रंगात उडी. डाऊन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांत सैल असतात, आणि अशा मानेला उडीचा झटका धोक्याचा. डॉक्टरांनी तपासून उडीला नाही म्हटलं. तिथे वही मिटता आली असती. पण फोटोत नेमकं काय हवंय? उडी, की रंग, की वडील उभे होते ती जागा? गर्दी व्हायच्या आत मामा त्याला घेऊन गेला, कडेला बसवलं, पाय आत सोडले आणि बादलीने डोक्यावर रंग ओतला. तो तासभर तिथेच बसला. 'झालं झालं' एकदाही म्हणाला नाही.

कागदपत्रं

हा भाग पटकन सांगते, कारण याची माहिती इतरत्रही मिळते. फक्त ती वहीच्या मागे यावी, पुढे नको.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आधी काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, ४० ते ७९ पिवळी, ८० आणि पुढे निळी. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्के आहे. एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलतही त्यावरच.

निरामय हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा (नॅशनल ट्रस्ट) आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात येतात. नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ती विसरली जाते.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५० हजार आहे. महापालिकेला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, तिथल्या योजनांची चौकशी दरवर्षी नव्याने करा. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी या अपत्याचं नाव त्यांच्या हयातीतच नोंदवून घ्या.

पालकत्वावर मात्र थांबून विचार करा. १८ वर्षं पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान. आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते; आपल्याकडे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. २०१६च्या कायद्यात कलम १४ प्रमाणे मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. बँकेचं काम अडलं म्हणून लोक सगळेच अधिकार काढून घेणारा कागद करतात. बँकेपुरतं लागतं तेवढंच मागा. बाकी निर्णय त्याच्या ताटांवर होऊ द्या.

कार्यालयात जाताना एक पथ्य. एका टेबलावर समोरच्या बाईंनी त्याचं नाव मला विचारलं, त्याचं वय मला विचारलं, त्याला काय आवडतं तेही मला विचारलं. चौथ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ लागला. त्याने घड्याळ पुढे करून दाखवलं.

पायरी ७: परत बघणं

दर तीन महिन्यांनी वही उघडायची. तारीख बैठकीतच ठरवा, नाहीतर ती कधीच येत नाही. चारच गोष्टी बघा: काय करून पाहिलं, काय कळलं, कशाने बरं वाटलं, कशाची काळजी वाटतेय. आणि ताटं परत मांडा, तेच फोटो परत त्याच्या हातात. गेल्या वेळचं 'हवं' आजही 'हवं' असेल असं गृहीत धरू नका.

मदतनीस बदलला तर एका पानाची नवी प्रत त्याच्या हातात द्या आणि पहिले दोन दिवस जुन्या माणसाबरोबर काढायला लावा. वही घरातच राहते, त्याच्या कपाटात. त्याला न विचारता पाहुण्यांना दाखवायची नाही. हा नियम आईने केला.

गेल्या डिसेंबरच्या बैठकीत त्याने पेपरवाल्यांचा फोटो 'नको'त टाकला. माझ्या पोटात गोळा आला. एवढी मेहनत, ते जॅकेट, ते दहा पावलं मागून चालणं. जागा बदलून विचारलं, 'नको'. दुसऱ्या दिवशी मामाने विचारलं, 'नको', आणि वर त्याने गोधडी डोक्यावरून ओढून दाखवली. नाशिकची थंडी, पारा दहाच्या खाली. आई हसायला लागली. मामा खाली जाऊन पेपरवाल्यांना सांगून आला. ते म्हणाले, "काही हरकत नाही, शेठचा ढीग ठेवतो बाजूला."

तो फोटो आम्ही फेकला नाही. वहीच्या मागच्या खिशात क्लिपला लावून ठेवलाय. संक्रांत होऊन गेली. अजून तो तिथेच आहे. पुढची बैठक मार्चात, रंगपंचमीच्या आधी.